पायांची आग आणि विजयाचं तेल: गुण येतोय की नाही, हे तपासायचं कसं?

प्रश्न: माझी आई ६४ वर्षांची आहे. १६ वर्षांपासून मधुमेह आहे. गेली दोन वर्षं तळपायांची इतकी आग होते की रात्री पांघरूण पायाला लागलेलंही सहन होत नाही. मेटफॉर्मिन, रक्तदाबासाठी अ‍ॅम्लोडिपिन आणि रात्री प्रीगाबालिन ७५ मिलिग्रॅमची एक गोळी चालू आहे. बंगळुरूहून भाच्याने विजयाच्या तेलाची ३० मिलीची बाटली आणली. "भांगेचंच आहे, पण औषधी," म्हणाला. पहिल्या दोन रात्री आई शांत झोपली, तिसऱ्या रात्री पुन्हा आग. बाबा म्हणतात बाटली फेकून दे, आई म्हणते आणखी चार थेंब वाढव. याने दुखणं खरंच कमी होतं का, आणि ते घरी पक्कं तपासता येईल का?
– एक वाचक, कराड

उत्तर: ताई, तपासता येतं, आणि तपासायलाच हवं. पण थेंब वाढवून ते कळणार नाही. उलट आजपासून तेल पूर्ण बंद ठेवा. दोन-तीन रात्रींच्या वापरानंतर ते एकदम थांबवण्यात धोका नाही. नसांच्या दुखण्यावरची प्रीगाबालिन मात्र स्वतःहून सोडू नका. ती गोळी अचानक थांबवली तर त्रास होतो.

पहिल्या दोन रात्री आई झोपल्या यावरून तेल लागू पडलं असं म्हणता येत नाही, आणि तिसऱ्या रात्री आग झाली म्हणून ते निरुपयोगीही ठरत नाही. नसांचं दुखणं मुळात चढउताराचं असतं. नवं औषध आपण बहुतेक वेळा दुखण्याने कहर केलेल्या दिवशीच काढतो, आणि त्यानंतरचा दिवस काहीही न घेता जरा बरा जाण्याची शक्यता जास्त असते. त्यात हे औषध घरच्या माणसाने इतक्या लांबून आणलेलं. त्या अपेक्षेनेही दुखणं कमी होतं, आणि ते नाटक नसतं, आराम खरोखर जाणवतो. स्वीडनच्या कॅरोलिन्स्का संस्थेच्या संशोधकांनी २०२२ साली दुखण्यावरच्या कॅनाबिसच्या, म्हणजे भांग-गांजाच्या वनस्पतीच्या, २० चाचण्या एकत्र तपासल्या, त्यांत १,४५९ रुग्ण होते. ज्यांच्या वाट्याला औषध नसलेली, पण तशीच दिसणारी गोळी किंवा फवारा आला, त्यांचं दुखणंही ठळकपणे कमी झालं होतं. म्हणून "घेतलं आणि बरं वाटलं" एवढ्यावर निकाल देता येत नाही. न घेता काय झालं असतं, हेही कळायला हवं.

तुमच्या आईंच्याच आजारावर काय सापडलंय ते आधी सांगतो. इंग्लंडमधल्या शेफिल्डला २०१० साली मधुमेही नसांच्या दुखण्याच्या ३० रुग्णांवर टीएचसी (भांगेतलं नशा आणणारं द्रव्य) आणि सीबीडी (तिच्यातलंच नशा न आणणारं द्रव्य) यांचा तोंडात मारायचा फवारा तपासला. दोन्ही गटांचं दुखणं कमी झालं, पण फवारा प्लासिबोपेक्षा, म्हणजे औषध नसलेल्या नकली फवाऱ्यापेक्षा, सरस ठरला नाही. सॅन डिएगोला २०१५ साली १६ रुग्णांना १, ४ आणि ७ टक्के टीएचसीची वाफ दिली. तिथे काही तासांपुरतं दुखणं उतरलं आणि मात्रेनुसार जास्त उतरलं, पण वरच्या मात्रेला डोकंही मंदावलं. सगळ्या जुनाट दुखण्यांचा मिळून २०२१ साली ३२ चाचण्यांचा आढावा निघाला, त्यात ५,१७४ रुग्ण होते. धूर किंवा वाफेवाटे न घेतलेल्या कॅनाबिसमुळे जाणवण्याइतका आराम पडलेल्यांचं प्रमाण प्लासिबोपेक्षा साधारण १० टक्क्यांनी जास्त निघालं. म्हणजे शंभर जणांनी घेतलं तर दहाएक जणांना तेलामुळे म्हणता येईल असा गुण. बाकीच्यांपैकी काहींना तसाही आराम पडला असता आणि अनेकांना काहीच नाही. जगभरच्या वेदनातज्ज्ञांच्या संघटनेने, आयएएसपीने, त्याच वर्षी सरसकट वापराला पाठिंबा द्यायला नकार दिला.

आई त्या दहांत आहेत की नाहीत, हे कुठलाच आढावा सांगू शकत नाही. त्यासाठी एका माणसावरची चाचणीच करावी लागते.

आता "आणखी चार थेंब" या मागणीबद्दल. सॅन डिएगोच्याच २००७ सालच्या एका प्रयोगात १५ निरोगी माणसांच्या कातडीत मिरचीतलं कॅप्सेसिन टोचून आग निर्माण केली आणि मग २, ४ आणि ८ टक्के टीएचसीचा धूर दिला. मधल्या मात्रेने आग कमी झाली, सगळ्यांत वरच्या मात्रेने वाढली. थोड्याने भागलं नाही तर जास्त घ्या, हा हिशेब या वनस्पतीला लागू पडत नाही. शिवाय तोंडाने घेतलेलं टीएचसी चढायला अर्धा ते दोन तास लागतात, आणि यकृतात त्याचा जो नवा पदार्थ बनतो तोही नशा आणतो. होळीला भांग प्यायल्यावर "काहीच होत नाही" म्हणून दुसरा पेला घेणारे तासाभराने आडवे होतात, त्याचं कारण हेच. आईंच्या बाबतीत प्रीगाबालिनची गुंगी आणि अ‍ॅम्लोडिपिनने उतरलेला रक्तदाब त्यात मिळणार. रात्री दोनला बाथरूमला जाताना तोल गेला तर खुब्याचं हाड मोडण्यावर येईल.

तेलाआधी डॉक्टरांकडून तीन गोष्टी करून घ्या. पहिली, बी-१२ ची तपासणी. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत बी-१२ कमी पडतं, शाकाहारी असल्यास आणखीच. त्या कमतरतेनेही पायांना अशाच मुंग्या येतात आणि अशीच आग होते. तिचं औषध स्वस्त आहे आणि खात्रीचं आहे. दुसरी, क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी. तिसरी, प्रीगाबालिनचा फेरविचार: दिवसाला ७५ मिलिग्रॅम ही सुरुवातीची मात्रा आहे, या दुखण्यावर बहुतेकांना १५० ते ३०० लागते, आणि ती किडनी किती काम करते यावर ठरते. त्याने भागलं नाही तर नसांच्या दुखण्यावरची दुसरी औषधं, ड्युलॉक्सेटिन आणि अ‍ॅमिट्रिप्टिलिन आहेत. नेहमीचं औषध अर्ध्या मात्रेवर ठेवून नवं तपासणं म्हणजे आईंचे महिने वाया घालवणं आहे, असं आमचं स्पष्ट मत आहे. हा बदल झाला की किमान महिनाभर थांबा. तेवढ्यात आग शमली तर तेलाचा विषयच संपला.

नाही शमली तर बाटली हातात घ्या. लेबलवर "हेम्प सीड ऑइल" असेल तर ते बियांचं तेल आहे. २०२१ पासून एफएसएसएआयने, म्हणजे देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, त्याला अन्न म्हणून मान्यता दिली आहे. त्यात टीएचसी-सीबीडी नावापुरतंच असतं, दुखण्यासाठी त्याची चाचणी करण्यात अर्थ नाही. "विजया अर्क ३००० मिग्रॅ" लिहिलं असेल तर तेही पुरेसं नाही, कारण ते अर्काचं वजन झालं, टीएचसीचं नव्हे. कंपनीकडून त्याच बॅच क्रमांकाचा प्रयोगशाळेचा अहवाल मागवा. त्यात एका मिलीमागे टीएचसी किती, सीबीडी किती, शिसं, आर्सेनिक, कीटकनाशकं आणि अर्क काढताना वापरलेला द्रावक किती उरला, हे हवं. टीएचसीए नावाची ओळ वेगळी दिसली तर तिच्याकडे लक्ष द्या. ताज्या पानात टीएचसी बहुतांशी या आम्लरूपात असतं आणि उष्णता दिल्यावरच त्याचं टीएचसी होतं; टीएचसीएला ०.८७७ ने गुणलं की होऊ शकणारं टीएचसी कळतं. पण तेल आधीच तापवलेलं नसेल तर पोटात गेल्यावर ते रूपांतर फारसं होत नाही, म्हणून मात्रा टीएचसीच्या ओळीवरूनच मोजायची. नुसत्या सीबीडीचं तेल निघालं तर पैसे वाचवा. डेन्मार्कमध्ये हातांच्या सांधेदुखीवर रोज २० ते ३० मिलिग्रॅम आणि व्हिएन्नात गुडघेदुखीवर रोज ६०० मिलिग्रॅम सीबीडी देऊन पाहिलं. दोन्हीकडे प्लासिबोच्या पुढे ते गेलं नाही.

अहवाल मिळाला नाही तर तेल वापरू नका. आत किती आहे हे माहीत नसलेल्या औषधाची चाचणी होत नाही.

कायद्याचंही इथेच बघून घ्या. १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्यात, गांजा म्हणजे फुलोरा आणि चरस म्हणजे राळ. फुलोऱ्याशिवायची पानं आणि बिया त्या व्याख्येबाहेर आहेत. पण पानांवर राज्यांचे कायदे चालतात, आणि महाराष्ट्रात १९४९ चा दारूबंदी कायदा विनापरवाना भांग बाळगू देत नाही. म्हणून विजयाच्या औषधावर आयुषचा उत्पादन परवाना क्रमांक, बॅच क्रमांक आणि वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना हवी, आणि सोबत आईंच्या नावाची नोंदणीकृत वैद्यांची चिठ्ठी आणि बिल. भाच्याच्या नावावर आणलेली बाटली आईंच्या कपाटात ठेवू नका. दुखण्यासाठी गांजा आणला, हे सांगून सुटका होत नाही. एक किलोपर्यंतचं "अल्प प्रमाण"सुद्धा एक वर्षापर्यंत सक्तमजुरीचं आहे. कुणी नातेवाईक अमेरिकेहून गमी (कॅनाबिस घातलेल्या चघळायच्या गोळ्या) आणतो म्हणाला तर नको म्हणा, आणि ही बाटली घेऊन दुबई किंवा सिंगापूरचं विमान तर मुळीच पकडू नका.

आता चाचणी. वैद्य आणि मधुमेहाचे डॉक्टर दोघांनाही सांगूनच ती करायची. घरात किंवा आईंना स्वतःला कधी वेडाचे झटके, भ्रम झाले असतील, हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, यकृत बिघडलेलं असेल किंवा वॉरफरिनसारखं रक्त पातळ करणारं औषध चालू असेल, तर इथेच थांबा.

पहिले दोन आठवडे तेल नाही, फक्त वही. रोज रात्री ठरलेल्या एकाच वेळी, जेवणानंतर, आईंना विचारायचं: गेल्या चोवीस तासांत आग सरासरी किती, शून्य ते दहा? सर्वांत जास्त किती? आणि तिसरा प्रश्न वेगळा: त्या आगीने जीव किती नकोसा झाला, शून्य ते दहा? हा तिसरा प्रश्न टाळू नका. ऑक्सफर्डला २०१३ साली १२ जणांना कॅप्सेसिनचं मलम लावून १५ मिलिग्रॅम टीएचसी दिलं, तेव्हा आगीची तीव्रता फारशी बदलली नाही, पण तिचा त्रास कमी वाटला. तेलाचा गुण आला तर तो कदाचित याच रकान्यात दिसेल, आणि तोही गुणच आहे. याशिवाय रात्री किती वेळा जाग आली, पॅरासिटामॉल किती घेतल्या, सकाळची उपाशीपोटीची साखर, आणि तोल गेला का, एवढं लिहा. आदल्या दिवसाचा आकडा पाहून आजचा आकडा सांगायचा नाही, म्हणून रोज नवं पान. या काळात नवं मलम, नवी चप्पल, नवा काढा, काहीही सुरू करू नका.

मग मात्रा शोधायची. यात घाई नको. आईंचं वय आणि गोळ्या पाहता रात्री १ मिलिग्रॅम टीएचसीने सुरुवात आणि आठवड्याला १ मिलिग्रॅमने वाढ, ही सावध पद्धत योग्य. समजा तेलात मिलीमागे १० मिलिग्रॅम टीएचसी आहे, तर १ मिलिग्रॅम म्हणजे ०.१ मिली. थेंबांत मोजू नका. तेल किती दाट आणि ड्रॉपरचं तोंड केवढं यावर थेंबाचा आकार ठरतो. केमिस्टकडून सुई नसलेली १ मिलीची सिरिंज घ्या. घरात इन्सुलिनची सिरिंज असेल तर ती याला वापरू नका: तिच्यावरच्या खुणा मिलीच्या नसून युनिटच्या असतात, ४० आणि १०० युनिटच्या सिरिंजा वेगळ्या असतात, आणि दोन्ही सिरिंजांची अदलाबदल झाली तर जिवावर बेतेल. रोज रात्रीच्या जेवणानंतर, साधारण सारख्याच जेवणावर द्या. तूप-तेलाच्या जेवणासोबत ही द्रव्यं कितीतरी जास्त शोषली जातात. सीबीडी तर चौपटीच्या आसपास. एका रात्री वरणभात आणि दुसऱ्या रात्री पुरणपोळीवर तूप, असं झालं तर मात्रा एक असूनही परिणाम दोन होतील. गुंगी सकाळपर्यंत उरली, उठताना चक्कर आली, की एक पायरी खाली या. तीच आईंची मात्रा.

आता खरी परीक्षा. एकूण सहा बाटल्या लागतील: तीनमध्ये औषध, तीनमध्ये तेच मूळ तेल, म्हणजे लेबलवर तिळाचं असेल तर तिळाचं. त्या तुम्ही भरायच्या नाहीत. आकडे विचारणार तुम्ही, त्यामुळे तुम्हालाही कळता कामा नये. तुमच्या चेहऱ्यावरून आईंना कळेल. हे काम वैद्यांनी किंवा त्यांच्या औषधनिर्मात्याने करायचं. प्रत्येक जोडीत आधी कुठली द्यायची हे नाणं उडवून ठरवायचं, बाटल्यांवर १ ते ६ आकडे घालायचे आणि यादी बंद पाकिटात ठेवायची. नुसतं "अ" आणि "ब" लिहू नका. एकदा ओळखलं की पुढचे सगळे आठवडे उघडे पडतात. विजयाचा हिरवट रंग आणि कडवट, गवती वास लपवायला सगळ्या बाटल्या गडद तपकिरी काचेच्या घ्या आणि सहाही बाटल्यांत सारखाच पुदिन्याचा अर्क घाला. बाटल्या अंधाऱ्या, थंड जागी ठेवा. उजेडात आणि उष्णतेत टीएचसी झिजतं आणि शेवटच्या बाटल्या पहिल्यांपेक्षा कमजोर होतात.

प्रत्येक बाटली १४ दिवस, म्हणजे एकूण १२ आठवडे. पहिल्या सात दिवसांचे आकडे लिहायचे, पण हिशेबात धरायचे नाहीत. टीएचसी चरबीत साठतं आणि बंद केल्यावरही हळूहळू बाहेर पडत राहतं, त्यामुळे आधीच्या बाटलीचा असर पुढच्या बाटलीत मिसळतो. अनेक छोट्या चाचण्या इथेच फसतात. चौदाव्या रात्री आईंना एकच जादा प्रश्न: "यात औषध होतं असं वाटतं का?" उत्तर वहीत लिहून ठेवा.

बारा आठवड्यांनी पाकीट उघडा. प्रत्येक बाटलीच्या शेवटच्या सात दिवसांची सरासरी काढा आणि जोडीजोडीने वजाबाकी करा. प्रीगाबालिनच्याच दहा चाचण्यांमधल्या २,७२४ रुग्णांच्या आकड्यांवरून असं ठरलं की शून्य ते दहाच्या मोजपट्टीवर साधारण दोन अंकांनी किंवा ३० टक्क्यांनी घट झाली, तर माणूस "बराच फरक आहे" म्हणतो. प्लासिबोपेक्षा पूर्ण दोन अंकांची अपेक्षा मात्र धरू नका. जर्मनीत झालेल्या, २०२५ साली प्रसिद्ध झालेल्या कंबरदुखीच्या ८२० रुग्णांच्या चाचणीत कॅनाबिसच्या अर्काने १.९ अंकांची घट झाली आणि प्लासिबोने १.३ ची. म्हणजे अर्काचा स्वतःचा वाटा ०.६. आईंच्या तिन्ही जोड्यांत औषधाची बाजू सरस असेल आणि सरासरी फरक एक अंकाच्या वर असेल, तर तेल चालू ठेवण्यासारखं आहे. निव्वळ योगायोगाने तिन्ही वेळा औषधच सरस दिसण्याची शक्यता आठात एक उरते. शंका वाटली तर चौथी जोडी करा, ती सोळात एकवर येते. आईंनी सहाही वेळा बरोबर ओळखलं असेल तर निकालाला तेवढं वजन देऊ नका. अपेक्षा पुन्हा आत शिरली आहे. दोनदा इकडे, एकदा तिकडे असं आलं, तर बाबांचं म्हणणं बरोबर होतं.

झोप सुधारली आणि आग तेवढीच राहिली, असंही होतं. मग ते झोपेचं औषध ठरलं, आणि झोपेसाठी वर सांगितलेलं अ‍ॅमिट्रिप्टिलिन किंवा वाढवलेली प्रीगाबालिन कमी कटकटीची आणि स्वस्त आहे का, हे डॉक्टरांना विचारा.

चाचणी मध्येच कधी थांबवायची, हे फ्रिजवर लिहून लावा: पडणं, छातीत धडधड, भलतंच दिसणं किंवा बोलणं, वारंवार उलट्या. गोंधळल्यासारखं झालं, घाम सुटला, हातपाय कापले, तर "तेल चढलं" म्हणून झोपवू नका. आधी ग्लुकोमीटरने साखर बघा, ७० च्या खाली असेल तर लगेच साखरपाणी द्या. उलट बाजूने, टीएचसीने भूक वाढते. सकाळची साखर आठवडाभर चढती राहिली तर रात्रीच्या फराळाच्या डब्यांवर नजर ठेवा आणि डॉक्टरांना वही दाखवा.

आणि पाय रोज बघत राहा, तेलाचा निकाल काहीही लागो. आग शमणं म्हणजे नस बरी होणं नव्हे. तळपाय, बोटांच्या बेचक्या आणि टाचेची मागची बाजू रोज रात्री उजेडात पाहा. वर्षातून एकदा डॉक्टरांकडून १० ग्रॅमच्या मोनोफिलामेंटने (पायाला टेकवून पाहायच्या नायलॉनच्या तंतूने) आणि कंपनकाट्याने पायांची संवेदना तपासून घ्या. ती कमी असेल तर घरातही अनवाणी चालणं बंद, शेक आणि गरम पाण्याची पिशवी बंद, आणि चप्पल घालण्याआधी आत हात फिरवून खडा आहे का ते बघायचं.